शेवटच्या रिळातली पावले

केरळातल्या तरुण दिग्दर्शकांची एक पिढी ज्यांच्याकडे बघून गप्प बसायला शिकली, ते दिग्दर्शक ऐंशीच्या दशकात काही महिने अंधेरीला, मरोळच्या बाजूला, आमच्या शेजारच्या खोलीत राहत होते. तिकडे त्यांच्यावर पुस्तके निघाली होती. आमच्या इमारतीत मात्र कुकरच्या शिट्टीला हरकत घेणारे गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख होती.

हरकत सगळ्या शिट्ट्यांना नव्हती, चौथीला होती. तळमजल्यावरच्या सामंतबाई भाताला चार शिट्ट्या देत. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात दिग्दर्शक कमरेचे पांढरे मुंडू सावरत त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तीन में चावल हो जाता है. चौथा किस के लिए?"

"तुमच्या सासूसाठी," सामंतबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. या वेळी काही न बोलता उंबऱ्याबाहेर उभे राहून, डोळे मिटून, त्यांनी चारही शिट्ट्या ऐकल्या. मग हात जोडून सांगितले की तांदूळ जुना आहे, चौथी बरोबर आहे, काल माझे चुकले. तेव्हापासून सामंतबाई त्यांना वेडा म्हणत, पण सणावाराला त्यांच्यासाठी वाटी झाकून वर पाठवत.

ते बुटके, काळेसावळे, नीट भांग पाडणारे गृहस्थ होते. दाढी नव्हती. वेगळ्या वाटेचे चित्रपट काढणाऱ्या माणसाला दाढी नसावी, हे मला तेव्हा संशयास्पद वाटले होते. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. शेजारी एवढा मोठा माणूस राहतो म्हणून मी त्यांची मुलाखत घेतली. संपादकांनी ती वाचली आणि मला बोलावून विचारले, "हा माणूस बोलला काय?"

"फारसं नाही."

"मग छापायचं काय?"

मुलाखत छापली गेली नाही. दिग्दर्शकांना मी तसे सांगितले तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, तुमचे संपादक चांगले संकलक झाले असते.

माझ्याशी ते इंग्रजीत बोलत, इतरांशी स्वतःच तयार केलेल्या हिंदीत. दोन्ही भाषांत एक अडचण होती. आमच्या डोक्यावरून विमाने जात. आम्ही जन्मभर त्या आवाजावर आवाज चढवून बोलत आलो होतो. ते तसे करत नसत. विमान आले की ते वाक्य जिथे असेल तिथे थांबवत, हात हवेत असेल तर तसाच ठेवत, आणि आवाज पूर्ण विरला की पुढच्या शब्दापासून सुरू करत. एकदा आमच्याकडे जेवताना त्यांनी आईला "सोलकढी बहुत..." म्हटले आणि विमान आले. आई वाडगे हातात धरून ताटकळली. बहुत काय, आंबट की चांगली, हे कळायला तिला बराच धीर धरावा लागला. "अच्छा" आले तेव्हा तिने सुटकेचा श्वास सोडला. पुढे पुढे आमच्याही घरात विमान गेल्याशिवाय कोणी बोलेनासे झाले. भांडणे त्यामुळे थोडी कमी झाली.

आवाजाला एवढे जपणारा माणूस विमानतळाच्या तोंडाशी राहायला का आला, हे कोणीही विचारील. खोली निर्मात्याने दिली होती. निर्माता घाटकोपरला टायर रिमोल्डिंगचा कारखाना चालवणारा मल्याळी गृहस्थ होता, आणि ज्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालले होते तो आमच्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता.

चित्रपटात येण्यापूर्वी दिग्दर्शक तारखात्यात होते. दिवसभर कानाशी कडकट्ट चालायची. ते सांगत, तारेच्या पलीकडे कोण बसले आहे हे दिसत नाही, पण कळते. प्रत्येकाचा हात वेगळा. कोट्टयमचा माणूस टिंब घाईने मारायचा, पालघाटचा रेघ ओढत न्यायचा. त्याला ताप आहे, त्याचे घरी वाजले आहे, त्याला आज बढती मिळाली आहे, सगळे नुसत्या टकटकीवरून समजायचे. "मी माणसं अशी वाचायला शिकलो," ते म्हणत, "चेहरे नंतर आले. चेहरे फार खोटं बोलतात."

त्यांचा पहिला चित्रपट त्यांच्याच गावच्या थिएटरात लागला. त्यात एक बाई विहिरीवरून पाणी आणते, बोलत कोणीच नाही, असा मोठा भाग होता. तो सुरू झाल्यावर यंत्र चालवणाऱ्याला वाटले की आवाज गेला. त्याने यंत्राला दोन बुक्क्या घातल्या. तरी आवाज येईना. भला माणूस होता, गावच्याच पोराचा पहिला सिनेमा, त्याची लाज जायला नको म्हणून त्याने मध्यंतरात लावायची गाण्याची तबकडी लावली. विहिरीवरच्या बाईमागे एक प्रेमगीत सुरू झाले. लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि दुसऱ्या दिवशी तेच गाणे ऐकायला पुन्हा गर्दी केली. चित्रपटाने त्या एका गावात धंदा केला. बाकी सगळीकडे तो पडला.

तेव्हापासून ते प्रत्येक नव्या गावी चित्रपटाच्या पेट्यांबरोबर स्वतः जात आणि यंत्र चालवणाऱ्याला चहा पाजून समजावत की आता जे होईल ते बिघाड नव्हे.

दुसऱ्या चित्रपटाला पारितोषिक मिळाले. तिसऱ्याला परदेशात मिळाले. मग तिकडे वारेच फिरले. नायिका रडताना व्हायोलिने वाजेनाशी झाली, नायक खिडकीतून नुसते बघू लागले. त्यांचे सहायक एकेक करून स्वतः दिग्दर्शक झाले. कोणी त्यांच्याकडून शांतता घेतली, कोणी लांबच लांब दृश्ये घेतली. एकाने त्यांची छत्री धरण्याची पद्धत घेतली आणि त्याचेच सगळ्यात जास्त नाव झाले. याबद्दल ते अजिबात कडवटपणे बोलत नसत. "छत्री चांगली धरतो तो," एवढेच म्हणत.

नटांना मात्र त्यांचा धसका असे. सकाळी हातात दिलेल्या कागदावरची वाक्ये ते दिवसभर कमी करत जात. एक नामवंत नटी तीन पाने पाठ करून आली होती. संध्याकाळी चित्रीकरण संपले तेव्हा तिच्या वाट्याला "चहा" एवढा शब्द उरला होता. ती चिडून निघून गेली. त्या चहासाठी तिला पारितोषिक मिळाले.

पार्श्वसंगीताविषयी त्यांचे मत ठरलेले होते. पार्श्वसंगीत म्हणजे दिग्दर्शकाने प्रेक्षकांची मागितलेली माफी. आपले दृश्य जमले नाही, हे तो व्हायोलिनवाल्यांकडून कळवतो.

अंधेरीत ते आले होते ते याच हट्टापायी. नवा चित्रपट एका निवृत्त शाळामास्तरांचा होता. मुलाच्या घरी राहणारे हे मास्तर एका दुपारी ओसरीवरच्या खुर्चीतून उठतात आणि घर सोडून निघून जातात. शेवटच्या संपूर्ण रिळात पडद्यावर फक्त ती रिकामी खुर्ची दिसत होती. मास्तर दिसत नव्हते. त्यांची पावले तेवढी ऐकू येणार होती. पायऱ्या उतरतात, अंगणातून जातात, थांबतात, पुन्हा चालतात, आणि ऐकू येईनाशी होतात. ती पावले अजून सापडलेली नव्हती. निर्मात्याने रीळ मुके असताना पाहिले आणि त्याचा धीर सुटला.

"सार, पब्लिक कुर्सी देखने को टिकट लेगा क्या?" तो आमच्याच गॅलरीत उभा राहून म्हणाला. "कुर्सी तो घर में भी है."

शेवटी त्याने शनिवारपर्यंत मुदत दिली. स्टुडिओ तोवरच घेतलेला होता. शनिवारी दुपारी पावले ऐकायला तो स्वतः येणार, पसंत पडली नाहीत तर रविवारी व्हायोलिनवाले येणार. त्याने त्यांना बोलावूनही ठेवले होते. दिग्दर्शक हे ऐकून खोलीत गेले आणि दिवसभर बाहेर आले नाहीत. चित्रपटातून ते एक रीळ गेले तर बाकीच्या रिळांना काही अर्थ राहत नाही, असे त्यांनी मला नंतर सांगितले. असा चित्रपट मी पुन्हा काढू शकणार नाही, हेही सांगितले. ते साठीला आले होते आणि हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नव्हते, म्हणून मला ते खरे वाटले.

हिंदी चित्रपटांना पावलांचे आवाज देणारी पटाईत माणसे अंधेरीत होती. त्यातले दोघे येऊन चालून गेले. एकाविषयी दिग्दर्शक म्हणाले, हा मास्तर नव्हे, हा मास्तरांचा घोडा. दुसऱ्याविषयी म्हणाले, याला पगार वेळेवर मिळतो. स्टुडिओतला ध्वनिमुद्रक पास्कल हा मरोळच्या गावठाणातला, तोंडाचा फटकळ. तो मला म्हणाला, "तुझ्या डायरेक्टरला बोल, आता देवालाच बोलव चालायला."

दिग्दर्शक खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून वस्तीत फिरू लागले. त्यामुळे वेगळाच घोळ झाला. सकाळी नळावर ते माइक धरून उभे राहिले आणि नळावरच्या बायका, ज्या आजवर एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचत असत, त्या "तुम्ही भरा आधी", "नाही नाही, तुम्ही", असे करू लागल्या. दिग्दर्शक हिरमुसले. "झगड़ा क्यों बंद?" त्यांनी विचारले.

"हिला सुरू करू दे, मग मी बघते," सामंतबाई म्हणाल्या.

आणि मग एका संध्याकाळी त्यांनी माझ्या वडिलांना जिना चढताना ऐकले.

माझे वडील गिरणीत विणकर होते, संपाच्या आधीच निवृत्त झालेले. सारा जन्म मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येत असे. त्यांना हृदयाचा त्रास होता आणि डॉक्टरांनी तळलेले खाणे बंद केले होते. संध्याकाळी ते "मारुतीला जाऊन येतो" म्हणून बाहेर पडत आणि थोड्या वेळाने परत येत. त्यांच्या जुन्या चामडी चपलांपैकी एकीचा अंगठा सैल झाला होता. जिना दगडी होता.

मी गॅलरीत होतो. दिग्दर्शकांनी माझे मनगट धरले. खालून पावले येत होती. एक पाऊल जड, एक घासत. वळणावर थांबली. बराच वेळ काहीच नाही. पुन्हा दोन पावले, मग पुन्हा थांबणे. विमान आले. दिग्दर्शकांनी आकाशाकडे असे पाहिले की मला वैमानिकाची दया आली.

"हा माणूस," ते कुजबुजले, "घर सोडून चालला आहे. थांबतोय, कारण कोणीतरी हाक मारील असं त्याला वाटतंय. कोण आहे हा?"

"माझे वडील. आणि ते घरी येताहेत."

"तेच ते," दिग्दर्शक म्हणाले.

वडिलांना विचारायला ते स्वतः आले. चित्रपटात काम आहे, असे त्यांनी सांगितले.

"कसलं काम?" वडिलांनी मला मोठ्याने विचारले.

"चालायचं."

"नुसतं?"

"नुसतं. दिसायचं नाही."

"दिसणार नाही तर मग हे कसलं काम?" वडील म्हणाले, पण तयार झाले. तयार होण्यात आईचा वाटा मोठा होता. स्टुडिओत जायचे म्हणून तिने त्यांना लग्नकार्यातला कोट घालायला लावला आणि त्या जुन्या चपला पाण्याच्या पिंपामागे फेकून पायात नवे कोरे बूट दिले. शेजारपाजारच्यांनी दारात येऊन निरोप दिला.

स्टुडिओच्या हॉलमध्ये फरश्यांची एक वाट मांडून ठेवली होती. ती पायऱ्यांवरून उतरत, एका लाकडी आडोशामागून वळसा घेत जायची. वाटेच्या कडेने माइक. वडील त्या वाटेवर उभे राहिले, छाती पुढे काढली आणि निघाले. काचेमागून पास्कल ओरडला, "काका, पोलीस भरती नाय इकडे! घरी चालता तसं चाला!"

"घरी मी कोट घालत नाही," वडील म्हणाले.

कोट उतरवला. बूट उतरवले. मी घरी धावत जाऊन पिंपामागच्या चपला आणल्या. तरी भरती चालूच राहिली. दिग्दर्शकांनी मला दुभाषा केले.

"त्यांना सांगा, हा माणूस दुःखी आहे."

"बाबा, तो माणूस दुःखी आहे."

"दुःखी म्हणजे किती?"

मी ते विचारले. उत्तर येईपर्यंत वडिलांनी पुढचा प्रश्न काढला. "आणि जायचंय कुठे त्याला?"

"कुठेच नाही."

"मग निघाला कशाला?"

दिग्दर्शकांनी हे ऐकले आणि ते खुर्चीवर बसले. म्हणाले, सबंध केरळात हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. पण पावले काही जमली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, शुक्रवारीही नाही. वडील मन लावून चालत होते, आणि तेच बिघडत होते. कोणीतरी आपल्याकडे बघते आहे असे त्यांच्या प्रत्येक पावलात ऐकू येत होते. शुक्रवारी संध्याकाळी दिग्दर्शकांनी मला स्टुडिओच्या अंगणात बाजूला नेले.

"त्या वेळी ते कुठून येतात? खरं सांगा."

"मारुतीच्या देवळातून."

त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले. तारखात्यात वीस वर्षे काढलेल्या माणसासमोर ते टिकणारे नव्हते.

"देवळाशेजारी बटाटेवड्याची गाडी आहे," मी म्हणालो.

"आणि थांबतात का?"

"तोंड पुसायला. आणि आई दारात आहे का याचा अंदाज घ्यायला. त्यांना वाटतं आपण अगदी दबकत येतो. त्यांना स्वतःला ऐकू येत नाही ना."

हे ऐकून कोणीही हसले असते. मी स्वतः सांगताना हसत होतो. दिग्दर्शक हसले नाहीत. घर सोडून जाणारा माणूस हा बटाटेवडा खाऊन येणारा माणूस निघाला, याचे त्यांना काहीच वाटलेले दिसले नाही. एखाद्या मोठ्या शास्त्रीय प्रश्नाचा उलगडा व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"उद्या आईंना घेऊन या," ते म्हणाले.

शनिवारी आई जरीच्या काठाची साडी नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून स्टुडिओत आली. तिला हॉलमध्ये, त्या लाकडी आडोशाच्या पलीकडे, वाटेकडे पाठ करून खुर्चीवर बसवले. समोरच्या पडद्यावर चित्र येणार आहे, बोलायचे नाही, मागे वळायचे नाही, असे सांगितले. मी पास्कलजवळ काचेमागे बसलो. निर्माता आधीच येऊन बसला होता आणि दर थोड्या वेळाने व्हायोलिनवाल्यांचा विषय काढत होता.

वडिलांना दिग्दर्शक स्वतः बाहेर घेऊन गेले होते. आज मुद्रण नाही, थोडे बसू, असे सांगून त्यांनी कागदात बांधून आणलेले दोन बटाटेवडे त्यांच्यापुढे ठेवले. वडिलांनी एकदाच "आपको कैसे मालूम?" असे विचारले आणि उत्तराची वाट न बघता सुरुवात केली. मग दिग्दर्शकांनी त्यांना आत जाऊन बसायला सांगितले. बसायची खुर्ची हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथे जायला त्या फरश्यांवरूनच जावे लागत होते.

वडील दारातून आत आले. दोन पायऱ्या उतरले. आणि आडोशाच्या कडेने त्यांना अंबाडा दिसला.

बाकी सगळे मी कानाने ऐकले. ते थांबले. मग एक जड पाऊल, एक घासत. पुन्हा थांबणे. त्या थांबण्यात रुमाल खिशातून निघाल्याचे ऐकू येत होते. पुन्हा तीन पावले, मधेच अर्धवट राहिलेले चौथे. आडोशामागे, आईच्या अगदी पाठीशी, ती इतकी हळू झाली की पास्कलने श्वास रोखला. मग ती दूर गेली, रेंगाळत, पुन्हा एकदा थांबून, आणि शेवटी नाहीशी झाली.

आई समोर बघत बसली होती. तिने मान वळवली नाही. फक्त पदर सारखा केला.

पास्कलने यंत्र बंद केले आणि हळूच म्हणाला, "झकास."

लगेच ती पावले रिळाला लावून ऐकायची ठरली आणि आम्ही सगळे हॉलमध्ये येऊन बसलो. दिवे गेले. पडद्यावर रिकामी खुर्ची आली. मोठ्या कर्ण्यांतून, हॉल भरून जाईल एवढ्या आवाजात, वडिलांची पावले सुरू झाली. इतक्या मोठ्या आवाजात ती वडिलांना ऐकू आली. जन्मात पहिल्यांदाच आली असावीत.

"हा कोण चालतोय?" त्यांनी विचारले.

"तुम्हीच, काका," पास्कल म्हणाला.

"मी? एवढा आवाज? यंत्रात मोठा केलाय तुम्ही."

"जिन्यात यापेक्षा जास्त येतो," आई म्हणाली. ती अजून पडद्याकडेच बघत होती.

वडील तिच्याकडे वळले. "तुला ऐकू येतो?"

"मला कशाला, सामंतबाईंना येतो. वडा खाल्लात की दुसऱ्या वळणावर एकदा थांबता. भजी असली की दोनदा थांबता. तुमका काय वाटला, माका कळूचा नाय?" मालवणी आमच्या घरात आता फक्त अशा वेळी येत असे. "म्हणून तर रात्री तुमच्या ताटात बिनतेलाची भाजी असते. इतकी वर्षं खाताय, कधी विचारलंत का?"

मागे पावले चालूच होती.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून चपला हातात घेऊन आला असता," आई म्हणाली. "मग तुम्ही आलात ते मला कळलं कसं असतं?"

पडद्यावर खुर्ची तशीच होती. अंधारात निर्मात्याने मला कोपराने ढोसले. "क्या बोलता है? फॅमिली झगड़ा है?"

मी त्याला आईचे वाक्य हिंदीत सांगितले. दिग्दर्शक माझ्या दुसऱ्या बाजूला होते, तेही ऐकत होते. रीळ संपले. दिवे लागले. निर्मात्याने टक्कल पुसले आणि पास्कलला म्हटले, "एक बार और लगाओ."

दुसऱ्यांदा कोणीच काही बोलले नाही. विमानदेखील आले नाही. संपल्यावर निर्माता उठला, दिग्दर्शकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ठीक है. वायलिनवाले को मना करता हूँ. लेकिन सार, कुर्सी थोड़ा कम करो."

"कुर्सी कम नहीं होगा," दिग्दर्शक म्हणाले.

ती झाली नाही.

घरी त्या शनिवारचा परिणाम वेगळा झाला. दुसऱ्या दिवसापासून वडील खालच्या दारातूनच "आलो गं" म्हणून ओरडत येऊ लागले आणि जिना सरळ, न थांबता चढू लागले. वडा त्यांनी सोडला की उघडपणे खाऊ लागले, हे मला नक्की सांगता येणार नाही, कारण आता ओळखायला काही साधन उरले नव्हते. परत जाण्याआधी दिग्दर्शक एकदोनदा गॅलरीत वडिलांची वाट बघत उभे राहिलेले मला दिसले. ते म्हणाले, "आता ते नुसते चालतात." मग सामान बांधून, प्रत्येक मजल्यावर जाऊन निरोप घेऊन, ते त्रिवेंद्रमला परत गेले.

चित्रपटाला जे मिळायचे ते मिळाले. शेवटच्या रिळावर लांबलचक लेख आले. मास्तर मागे वळून पाहतात की नाही, यावर दोन समीक्षकांचे बोलणे बंद झाले. आमच्याकडे तो वर्षभराने आला, घाटकोपरच्या एका थिएटरात, रविवारी सकाळच्या खेळाला. मी आईवडिलांना घेऊन गेलो. दिग्दर्शक नेहमीप्रमाणे पेट्यांबरोबर आलेले होते आणि यंत्राच्या खोलीत चहा पाजत होते.

गर्दी अनपेक्षित होती. मल्याळी चित्रपट आणि सकाळचा खेळ, हे दोन्ही एकत्र आले की पडद्यावर काय बघायला मिळते याविषयी उपनगरातल्या तरुणांची तेव्हा एक ठाम समजूत होती. पुढच्या रांगा त्यांनीच भरल्या होत्या. मागे मल्याळी कुटुंबे डबे घेऊन बसली होती. मध्यंतरापर्यंत मुलांनी आशा सोडली नाही. मध्यंतरानंतर निम्मे उठून गेले. उरलेल्यांनी तिकीट वाया घालवायचे नाही एवढ्याच जिद्दीने तग धरला.

शेवटचे रीळ लागले. खुर्ची आली. खुर्ची राहिली. पुढच्या रांगेतला एकजण काकुळतीला येऊन ओरडला, "अरे यार, आता तरी कोणीतरी या ना!"

थिएटर हसले. आणि त्या हसण्याखालून पायरीवर एक जड पाऊल वाजले, मग एक घासत आले.

आईने डोळे मिटून घेतले होते.

"आले," ती म्हणाली.

वडील तिच्या शेजारीच बसले होते. त्यांना पावले ऐकू आली नव्हती, पण ती काहीतरी बोलली हे दिसले होते. त्यांनी वाकून विचारले, "कोण आलं?"

"गप्प बसा," आई म्हणाली. "ऐकू द्या."